नियामक नेमकं करतो काय? दूरसंचार आणि माध्यमांच्या राष्ट्रीय नियामकाविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: दूरसंचार आणि माध्यमांवर लक्ष ठेवायला देशात नियामक असतो म्हणतात, पण वाहिन्या वाट्टेल ते दाखवतात, मोबाइल कंपन्या मनाला येईल तसं वागतात आणि नियामक नुसती पत्रकं काढत बसतो. मंत्रालय आहे, न्यायालयं आहेत, मग हे तिसरं कशाला? आणि त्याच्याकडे तक्रार केली तर काही होतं का?

मी या क्षेत्रात बरीच वर्षं परवानाधारकांच्या बाजूने काम केलं आहे. परवान्याच्या अटी वाचायच्या, नोटिशींना उत्तरं द्यायची, नवा नियम येऊ घातला की त्यावर कंपनीचं म्हणणं लिहून द्यायचं, असं ते काम. टेबलाच्या पलीकडे बसून नियामकाशी भांडण्यातच माझा वेळ गेला, त्यामुळे त्याची आरती ओवाळायचं मला काही कारण नाही. तरीही तो हवाच, असं माझं मत आहे. मात्र लोक त्याच्याकडून ज्या कामाची अपेक्षा करतात ते त्याच्या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे.

वाहिनीवर काहीतरी भयंकर दाखवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी नियामकाने काय केलं, हे बातम्यांत येतं. पण त्या वाहिनीला परवाना कोणत्या अटींवर मिळाला, तिचा खरा मालक कोण, ध्वनिचित्रमुद्रण किती दिवस जपून ठेवायचं, चूक झाली तर माफी कुठे आणि कशी दाखवायची, हे सगळं कित्येक वर्षं आधी एका कंटाळवाण्या दस्तऐवजात लिहून झालेलं असतं. नियामकाचा जोर त्या दस्तऐवजात असतो. तिथे जे लिहायचं राहून गेलं, ते नंतर आरडाओरडा करून मिळत नाही.

सुरुवात रेडिओलहरींपासून करू, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. एकाच भागात दोन प्रक्षेपक एकाच फ्रीक्वेन्सीवर चालू झाले की दोघांचंही धड ऐकू येत नाही. अमेरिकेने टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१२ मध्ये रेडिओसाठी परवान्याची सक्ती केली, पण मागणाऱ्याला परवाना नाकारायचा किंवा ठरावीक फ्रीक्वेन्सीवरच थांबवायचा अधिकार सरकारला नीट दिलाच नाही. १९२६ मध्ये न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितल्यावर स्टेशनांनी मनाला येईल त्या फ्रीक्वेन्सीवर उड्या मारल्या, एकमेकांवर आवाज चढवले आणि श्रोत्यांच्या हाती खरखर उरली. पुढच्याच वर्षी फेडरल रेडिओ कमिशन आलं आणि १९३४ मध्ये टेलिफोन आणि रेडिओ दोन्ही एका छताखाली आणणारं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी. यातली गंमत अशी की नियामक हवा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत खुद्द रेडिओवाले होते. ज्यांना आज नियमांचा जाच वाटतो, त्यांच्या धंद्याचा पायाच त्या नियमांवर उभा आहे.

लहरींना देशाच्या सीमा कळत नाहीत. म्हणून १८६५ पासून चालत आलेली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, जागतिक पातळीवर कोणता पट्टा कशासाठी वापरायचा हे ठरवते. दर तीन-चार वर्षांनी त्यासाठी परिषद भरते. २०२३ ची दुबईत झाली. तिथे ठरलेल्या चौकटीत प्रत्येक देश आपली वाटणी करतो: विमानांना इतकं, सैन्याला इतकं, मोबाइलला इतकं, हवामानाच्या रडारला इतकं. काही देशांत हे काम नियामक करतो, काही देशांत सरकारी खातं. भारतात लहरींचं वाटप दूरसंचार विभागाच्या हातात आहे. लिलावाची पद्धत आणि राखीव किंमत (बोली जिच्या खाली जाऊ शकत नाही ती) यावर ट्राय ही भारतातली दूरसंचार नियामक संस्था शिफारस करते. नियामकाच्या अधिकारांबद्दल बोलताना 'शिफारस' आणि 'आदेश' यांतला फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

लहरी वाटून झाल्या की काम संपलं असं नसतं, कारण तंत्रज्ञान बदलतं आणि जुन्या भाडेकरूला हलवावं लागतं. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण एफसीसीच्या २०१६-१७ च्या लिलावाचं आहे. टीव्ही स्टेशनांकडे चांगल्या लहरी पडून होत्या, मोबाइल कंपन्यांना त्या हव्या होत्या. एफसीसीने आधी उलटा लिलाव घेतला: कोणतं स्टेशन किती कमी पैशांत आपली जागा सोडायला तयार आहे? मग त्या लहरी नेहमीच्या लिलावात विकल्या. एकूण ८४ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, १९.८ अब्ज डॉलर जमा झाले आणि त्यातले दहा अब्जांच्या आसपास टीव्ही स्टेशनांना मिळाले.

इथवरचं सगळे सांगतात. खरी डोकेदुखी नंतर सुरू झाली. जी स्टेशनं विकली गेली नाहीत त्यांना उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसवायचं होतं, म्हणजे जवळपास हजार स्टेशनांना नवा चॅनल द्यायचा होता. आता 'अ' स्टेशन ज्या चॅनलवर जाणार तिथे शेजारच्या शहरातलं 'ब' अजून चालू आहे. ते हलल्याशिवाय 'अ' हलू शकत नाही, आणि 'ब' ची जागा 'क' ने अडवलेली. त्यात उंच मनोऱ्यावर चढून अँटेना बदलणाऱ्या जाणत्या तुकड्या मोजक्याच. म्हणून एफसीसीने दहा टप्पे पाडले, कोणी कोणाच्या आधी हलायचं याची साखळी गणिताने सोडवली, आणि २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत हे चाललं. घरातल्या प्रेक्षकाला फक्त टीव्हीवर चॅनल पुन्हा शोधावे लागले. नियामकाने आपलं काम चोख केलं की असंच होतं, कोणाला काही कळतही नाही.

लिलाव ही कल्पना तशी जुनी. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्येच लिहिलं होतं की लहरी फुकट वाटण्यापेक्षा विका. अमेरिकेत पहिला लिलाव व्हायला १९९४ उजाडलं, आणि त्या लिलावांच्या रचनेमागचं काम करणाऱ्या पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. तरी माझं मत असं की लिलावातून किती पैसे आले यावरून नियामकाला जोखणं चुकीचं आहे. पैसा तिजोरीत जातो आणि सरकारला गोड लागतो. पण कंपनीने लहरींवर सगळं भांडवल खर्च केलं तर मनोरे कशातून उभे राहणार? परवान्यात 'इतक्या वर्षांत इतक्या भागात सेवा द्यायचीच' अशी अट आहे का आणि ती कोणी तपासतं का, हे आधी विचारा.

दुसरं मोठं काम आंतरजोडणीचं. सामान्य ग्राहकाला हा शब्दही ऐकून माहीत नसतो, आणि माझ्या मते नियामक असण्याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. तुम्ही एका कंपनीचे ग्राहक, मी दुसरीचा. तुमचा फोन मला लागायचा तर दोन जाळी कुठेतरी जोडलेली हवीत. नवी कंपनी बाजारात आली की तिचे जवळजवळ सगळे कॉल बाहेरच्या जाळ्यांवर जातात, कारण तिचे स्वतःचे ग्राहक जेमतेम. जुन्या कंपनीला फार काही करावं लागत नाही. जोडणीचे पोर्ट द्यायला उशीर केला की झालं. नव्या कंपनीचे ग्राहक 'फोन लागत नाही' म्हणून महिन्याभरात कंटाळतात. जुनी कंपनी नकार देत नाही. मागणीचा अंदाज नीट पाठवा म्हणते, चाचणी बाकी आहे म्हणते, उपकरणं मागवली आहेत म्हणते. प्रत्येक पत्र सभ्य असतं.

भारतात २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा हा वाद उघडपणे झाला. ट्रायने जोडणी नाकारल्याबद्दल एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांच्यावर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. परवाना देणारं सरकार असल्याने दंड लावायचा की नाही हे सरकारने ठरवायचं होतं, आणि त्यात वर्षं गेली. मघाशी 'शिफारस' आणि 'आदेश' म्हणालो ते यासाठी. अनेक देशांच्या नियामकांना 'अमुक दिवसांत जोडा' असा थेट आदेश देता येतो, काहींना नाही, आणि बाजारात नवा माणूस टिकतो की नाही हे बऱ्याचदा यावर ठरतं.

आंतरजोडणीला दराचीही बाजू आहे. माझ्या फोनपर्यंत पोहोचायला माझ्या कंपनीच्या जाळ्यातूनच यावं लागतं, दुसरा रस्ता नाही. म्हणजे कॉल घेण्यापुरती प्रत्येक कंपनी, मग ती कितीही छोटी असो, मक्तेदार असते. कॉल पोहोचवल्याबद्दल ती दुसऱ्या कंपनीकडून घेते तो दर बाजारावर सोडला तर वर जातो, आणि शेवटी भरतो कॉल करणारा. म्हणून तो नियामक ठरवतो. भारतात तो मिनिटाला १४ पैशांवरून २०१७ मध्ये ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. तुमच्या बिलावर ही ओळ कधीच दिसली नाही, पण अमर्याद कॉलचे प्लॅन ज्या गोष्टींमुळे शक्य झाले त्यांतली ही एक आहे.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय, वाहिन्यांच्या पॅकेजचे नियम, नको असलेल्या कॉलवरचे निर्बंध याही नियामकाच्याच गोष्टी. त्या सगळ्यांना माहीत आहेत म्हणून सोडून देतो. आणीबाणीच्या कॉलबद्दल मात्र सांगतो. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टस कंपनीचं जाळं देशभर बंद पडलं. अशा वेळी फोनने आपोआप दुसऱ्या कंपनीचा मनोरा पकडून आणीबाणीचा ००० हा नंबर लावायला हवा. पण त्यासाठी बंद पडलेल्या कंपनीच्या मनोऱ्यांनी सिग्नल पाठवणं थांबवायला हवं, नाहीतर फोनला वाटत राहतं की आपलं जाळं आहेच. काही मनोरे सिग्नल पाठवतच राहिले. २,१४५ लोकांचे ००० ला कॉल लागले नाहीत. तिथला नियामक एसीएमए याने वर्षभर चौकशी केली आणि ऑप्टसला १.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त दंड भरावा लागला. त्या आरोपांत आणखी एक कलम होतं: कॉल न लागलेल्यांपैकी ३६९ जणांना नंतर फोन करून 'तुम्ही ठीक आहात ना' असं विचारलं गेलं नाही. तशी विचारपूस करायची हे नियमात आधीच लिहिलेलं होतं. लिहिलेलं नसतं तर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली असती आणि विषय संपला असता.

आता माध्यमांचा मजकूर, ज्यावरून मूळ प्रश्न आला. लोकशाही देशांतला नियामक कार्यक्रम आधी तपासत नाही. तो सेन्सॉर नाही आणि असूही नये. प्रसारण झाल्यावर, लिहिलेल्या संहितेच्या कलमाशी तो ताडून पाहतो. ब्रिटनचा नियामक ऑफकॉम याची पद्धत बघा: तक्रार येते, त्यात संहितेचा प्रश्न आहे का ते आधी पाहतात, बहुतेक तिथेच संपतात. काही वाटलं तर वाहिनीकडून कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण मागवतात. टीव्ही वाहिनीने ते ६० दिवस आणि रेडिओने ४२ दिवस जपून ठेवणं बंधनकारक आहे. मग प्राथमिक मत कळवतात, वाहिनीचं म्हणणं घेतात, मग कारणांसह निर्णय छापतात. दंड हा त्यानंतरचा वेगळा टप्पा.

या सगळ्याला महिने लागतात आणि लोक म्हणतात नियामक झोपला आहे. पण घाईचं काय होतं हेही पाहिलेलं बरं. २००४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, गाण्याच्या वेळी गायिका जॅनेट जॅक्सनचं वस्त्र क्षणभर बाजूला झालं. एफसीसीने ते दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड ठोकला. क्षणभर दिसलेल्या गोष्टीला दंड करायचा नाही असं धोरण तोवर होतं, ते का बदललं हे एफसीसीने नीट सांगितलं नव्हतं. न्यायालयाने दंड रद्द केला, प्रकरण वरखाली फिरलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायला नकार दिल्यावर संपलं. आठ वर्षं वकिलांची सोय झाली.

तक्रारींच्या संख्येबद्दलही मोठा गैरसमज आहे. २०२१ च्या मार्चमध्ये 'गुड मॉर्निंग ब्रिटन' या कार्यक्रमात सूत्रसंचालक पिअर्स मॉर्गन यांनी मेगन मार्कल यांच्याबद्दल केलेल्या वक्तव्यांवर ऑफकॉमकडे ५७ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. विक्रमच होता. ऑफकॉमने सप्टेंबरमध्ये निर्णय दिला की संहितेचा भंग झालेला नाही. मतं टोकाची होती, पण त्याच कार्यक्रमात त्यांना पुरेसा विरोध झाला होता. तक्रार हे मतदान नाही. हजारो तक्रारींना कलमाचा आधार नसेल तर त्या पडतात, आणि एकाच माणसाच्या नेमक्या तक्रारीवर वाहिनी अडचणीत येते. मी पलीकडच्या बाजूला असल्याने हे जवळून सांगू शकतो: वाहिनीच्या विधी विभागाला संतापाच्या लाटेची भीती नसते. तारीख, वेळ आणि कलम लिहिलेल्या शांत पत्राची असते.

परवानाच जातो तेव्हा कारण बहुतेक वेळा एखाद्या कार्यक्रमाचं नसतं. चीनच्या सीजीटीएन वाहिनीचा ब्रिटनमधला परवाना फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द झाला. मुद्दा बातम्यांच्या सुराचा नव्हता. परवाना ज्या कंपनीच्या नावावर होता तिच्याकडे संपादकीय नियंत्रणच नव्हतं, ती नुसती वितरक होती. आणि ब्रिटनच्या कायद्यानुसार परवानाधारक तोच हवा जो मजकूर ठरवतो. म्हणूनच मालकीचे तक्ते, भागधारकांची यादी, संचालक बदलले की कळवण्याची अट अशा गोष्टींकडे मी नियामकाचा चष्मा लावून बघायला शिकलो. 'काय दाखवलं' यावर वाद घालता येतो. 'कोण ठरवतं' याचं उत्तर कागदावर असतं किंवा नसतं.

हेच हत्यार उलटंही चालतं. हंगेरीत सरकारवर टीका करणाऱ्या क्लुब्रादियो या स्टेशनची फ्रीक्वेन्सी फेब्रुवारी २०२१ मध्ये गेली. तिथल्या नियामकाने, म्हणजे माध्यम परिषदेने, दिलेलं कारण टीकेचं नव्हतं. हंगेरियन संगीताच्या कोट्याची आकडेवारी वेळेत सादर केली नाही हे होतं. कारण नियमात बसणारं, कागद बरोबर, आणि परिणाम असा की राजधानीच्या हवेतून एक टीकाकार आवाज गेला आणि इंटरनेटवर जाऊन बसला. युरोपीय आयोगाने त्यावर खटला भरला. नियामक धोकादायक होतो तो कोणावर ओरडून होत नाही. एकाच्या उशिराकडे कानाडोळा आणि दुसऱ्याच्या उशिरावर परवानाच रद्द, असं चाललं की होतो.

म्हणून मंत्रालय असताना नियामक कशाला, या प्रश्नाला माझं उत्तर पुस्तकी नाही. सरकार स्वतःच अनेकदा खेळाडू असतं: सरकारी दूरसंचार कंपनी असते, सरकारी प्रसारण संस्था असते, आणि निवडणुका तर असतातच. जो खेळतो त्यानेच शिट्टी वाजवली तर बाकीचे गुंतवणूक करत नाहीत. पण 'स्वायत्त' असं कायद्यात लिहून कोणी स्वायत्त होत नाही. मी तीन गोष्टी बघतो. अध्यक्षाला कोण आणि कोणत्या कारणासाठी काढू शकतं? एफसीसीच्या पाच आयुक्तांत एकाच पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसावेत असा नियम आहे. उत्तम नाही, पण काहीतरी आहे. पैसा कुठून येतो? ऑफकॉमला मुख्यतः परवानाधारकांच्या शुल्कातून, ट्रायला सरकारी अनुदानातून. दोन्हींत खोट आहे: एकीकडे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांचे पैसे, दुसरीकडे ज्याच्यापासून अंतर ठेवायचं त्याचे. आणि तिसरी गोष्ट, कारणं लेखी छापतो का? ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण छापलेल्या कारणाला आव्हान देता येतं.

भारतातलं कॉल ड्रॉपचं प्रकरण इथे बसतं. ट्रायने ठरवलं की १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. लोकांना आवडेल असाच नियम. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ट्रायच्याच सेवा-दर्जाच्या नियमात दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटणं चालत होतं. इथे मात्र प्रत्येक तुटलेल्या कॉलचा भुर्दंड, तोही चूक कोणाची हे न बघता. न्यायालयाने हा नियम मनमानी आणि अपारदर्शक ठरवला. माझी सहानुभूती ग्राहकाकडे होती, पण निकाल बरोबर होता असं आजही वाटतं. आकड्यांचा मेळ आधीच घातला असता तर तो एक रुपया टिकला असता.

दूरसंचार आणि माध्यमं दोन्हींना एकच नियामक असावा का? ब्रिटनने पाच संस्था गुंडाळून २००३ च्या अखेरीस ऑफकॉम सुरू केलं, ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये दोन जोडून एसीएमए केलं, दक्षिण आफ्रिकेने २००० मध्येच आयसीएएसए केलं. फ्रान्सने मात्र दूरसंचाराला आर्सेप आणि माध्यमांना आर्कोम अशी वेगळी चूल ठेवली आहे. जर्मनीत प्रसारण राज्यांच्या हातात आहे, आणि तिथला दूरसंचाराचा नियामक वीज, गॅस आणि रेल्वेही बघतो. भारतात २००१ मध्ये एकत्रित नियामकाचं विधेयक आलं होतं, ते बारगळलं; आज प्रसारणाचे दर आणि जोडणी ट्रायकडे, मजकूर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. एकत्रीकरणाने फायदा होतो तो लहरी आणि बाजारपेठ यांचा एकत्र विचार करताना. मजकुराच्या बाबतीत मला त्याचं फारसं अप्रूप नाही. अभियंते, अर्थशास्त्रज्ञ आणि 'हे शोभतं का' ठरवणारी माणसं एका इमारतीत बसली म्हणून एका भाषेत बोलायला लागतात असं नाही.

समाजमाध्यमांबाबत एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रसारणात नियामकाचा हक्क लहरींच्या टंचाईवर उभा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तेच कारण मान्य केलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. इंटरनेटवर टंचाई नाही आणि परवानाही नाही. म्हणून नवे कायदे, जसे ब्रिटनचा २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा किंवा युरोपचा डिजिटल सेवा कायदा, एकेका पोस्टचा निवाडा नियामकाकडे देत नाहीत. मंचाने, म्हणजे फेसबुक किंवा यूट्यूबसारख्या सेवेने, धोक्याचा अंदाज घेतला का, मुलांसाठी काय सोय केली, तक्रारीची यंत्रणा चालते का, हे तो बघतो. दंड मात्र जबर: ब्रिटनमध्ये जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, युरोपात सहा. 'ही पोस्ट काढा' म्हणून नियामकाकडे जाणारे लोक म्हणूनच रिकाम्या हाताने परततात. तुमची पोस्टबद्दलची तक्रार मंचाने हाताळलीच नाही, हा मात्र त्याच्या कामाचा मुद्दा होऊ शकतो.

शेवटी तुम्ही काय करू शकता ते. सेवेची तक्रार असेल तर आधी कंपनीकडे करा आणि तक्रार क्रमांक घ्या. बहुतेक देशांत त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, आणि वैयक्तिक भरपाई बरेचदा नियामक देतच नाही, ती लोकपाल, न्यायाधिकरण किंवा ग्राहक मंचाकडे मिळते. कार्यक्रमाची तक्रार असेल तर वाहिनी, तारीख, वेळ, नेमकं काय दाखवलं किंवा म्हटलं गेलं, आणि संहितेतलं कोणतं कलम, इतकंच लिहा. मुद्रण जपून ठेवायची मुदत संपण्याआधी लिहा.

आणि नियम बनत असतानाच बोलायचं असेल तर सल्लामसलत पत्रिकेला, म्हणजे नियम करण्याआधी लोकांचं मत मागवणाऱ्या नियामकाच्या प्रश्नावलीला, उत्तर द्या. मात्र विचारलेल्या प्रश्नांना द्या. २०१५-१६ मध्ये फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वरून, म्हणजे मोजक्याच वेबसाइट फुकट देणाऱ्या योजनेवरून, वाद पेटला तेव्हा ट्रायकडे लाखो ईमेल गेले. त्यातल्या साचेबंद पाठिंब्याच्या ईमेलांत पत्रिकेतल्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती, आणि ट्रायने ते उघडपणे सांगितलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये डेटासाठी भेदभावाच्या दरांवर बंदी आली. अमेरिकेत २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या मजकुराला सारखंच वागवावं या नियमावर, एफसीसीकडे सव्वादोन कोटींच्या आसपास मतं जमा झाली. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या २०२१ च्या अहवालानुसार त्यातली १.८ कोटींच्या जवळपास बनावट होती. सुमारे ८५ लाख ब्रॉडबँड उद्योगाच्या मोहिमेतून आलेली, तर उलट बाजूची ७७ लाखांच्या आसपास एकट्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने पाठवलेली. असा ढीग वाचणारा अधिकारी साचेबंद मजकूर एका गठ्ठ्यात टाकतो, एक म्हणून मोजतो आणि पुढे जातो. तुमच्या भागातल्या सेवेचा खरा अनुभव, तारखांसह, प्रश्न क्रमांक तीनच्या उत्तरात लिहिलेला असेल, तर तो अंतिम आदेशाच्या परिच्छेदात उद्धृत झालेला मी पाहिला आहे. आणि त्याचं खंडन करायचं काम आमच्याकडे आलेलंही पाहिलं आहे.